आई-बाबा विभक्त होताना लहान मुलाचा अभ्यास कसा सांभाळायचा

घटस्फोटाच्या सुमारास मुलाचा अभ्यास मागे पडला की घरातली मोठी माणसं दोनपैकी एक निष्कर्ष काढतात. एक तर मूल परिस्थितीचा फायदा घेतंय, आळशी झालंय. नाहीतर धक्का बसलाय, काही महिन्यांत आपोआप ठीक होईल. पहिल्यामुळे मुलाला उगाच बोलणी बसतात. पण खरं नुकसान दुसऱ्यामुळे होतं. मन हळूहळू सावरतं. त्या महिन्यांत शिकायचं राहून गेलेलं मात्र आपोआप भरून निघत नाही. ते हुडकून, बसून भरून काढावं लागतं. ते कसं, हे इथे ३ ते ९ वर्षांच्या मुलांपुरतं सांगितलं आहे.

काय बिघडतं आणि का

पॉल अमाटो आणि ब्रूस कीथ यांनी १९९१ मध्ये ९२ अभ्यास एकत्र करून तपासले. त्यात १३,००० हून अधिक मुलं होती. आई-वडील विभक्त झालेली मुलं शालेय प्रगतीत मागे दिसली, पण सरासरी फरक लहान होता. म्हणजे घटस्फोट झाला की मुलाचं शिक्षण बुडालं, असं मुळीच नाही. बहुतेक मुलं नीट शिकतात.

दुसरा उपयोगी अभ्यास ह्युन सिक किम यांचा, २०११ चा. अमेरिकेतल्या ३,५८५ मुलांची बालवाडीपासून पाचवीपर्यंतची माहिती त्यांनी पाहिली. घसरण गणितात दिसली, वाचनात तशी दिसली नाही. ती घटस्फोटाच्या आधीपासून नव्हती, प्रक्रिया चालू असताना सुरू झाली. नंतर ती आणखी वाढली नाही, पण मागे पडलेली मुलं बाकीच्यांना गाठतानाही दिसली नाहीत.

गणितच का, हे मुलाची वही पाहिली की कळतं. ५२ मधून २७ वजा करताना मुलाला एकाच वेळी तीन गोष्टी डोक्यात धराव्या लागतात: दोनातून सात जात नाहीत, पाच दशकांतला एक मोडला, आता दशक चार उरले. डोक्याची ही धरून ठेवण्याची जागा मुळात लहान असते. ‘आज न्यायला कोण येणार?’ हा प्रश्न त्यातच बसलेला असेल तर मोडलेला दशक निसटतो आणि उत्तर येतं ३५. कधी पानभर वेगळीच चूक दिसेल: प्रत्येक ठिकाणी मोठ्या अंकातून लहान अंक वजा केलेला. याला निष्काळजीपणा म्हणणं सोपं आहे. पण वजाबाकी शिकवली त्या दोन आठवड्यांत मूल देहाने वर्गात होतं, एवढाच त्याचा अर्थ.

शिवाय गणितात एक पायरी सुटली की पुढची लटकते. वाचनात तेच शब्द, तीच जोडाक्षरं पुढच्या धड्यात पुन्हा भेटतात, घराबाहेरच्या पाट्यांवरही भेटतात. हातच्याची बेरीज रस्त्यात भेटत नाही.

आता या सगळ्याचं मूळ. कागदावरची सही मुलाच्या अभ्यासाचं फारसं काही बिघडवत नाही. बिघडवतात ते चार घटक: मोठ्यांची भांडणं, मोडलेलं वेळापत्रक, घटलेलं उत्पन्न आणि बदललेलं घर किंवा शाळा. यांत भांडण सगळ्यात वाईट, आणि तेच सर्वात जास्त आपल्या हातात. अमाटो, लूमिस आणि बूथ यांना १९९५ च्या अभ्यासात असं आढळलं की ज्या घरांत तीव्र संघर्ष होता तिथली मुलं आई-वडील विभक्त झाल्यावर पुढे तुलनेने बरी राहिली. उलट, फारसं भांडण न दिसणाऱ्या घरांतल्या मुलांना विभक्त होणं जास्त जड गेलं. त्यांच्यासाठी ते अचानक आलेलं असतं. म्हणून ‘आम्ही तर मुलासमोर कधी भांडलोच नाही’ एवढ्यावर निश्चिंत राहू नका. अशा मुलाला समजावून सांगणं जास्त लागतं.

सांगताना

शक्यतो दोघांनी मिळून, सुट्टीच्या दिवशी सकाळी सांगा. झोपायच्या आधी नको, परीक्षेच्या आदल्या दिवशी तर नकोच. पाच वर्षांच्या आतल्या मुलाला एखादा आठवडा आधी सांगितलेलं पुरतं. महिनाभर आधी सांगितलं तर ते रोज विचारतं, ‘आज जाणार का?’ सात-आठ वर्षांच्या मुलाला दोन-तीन आठवडे द्या, म्हणजे प्रश्न विचारायला वेळ मिळतो.

वाक्यं छोटी ठेवा: ‘आई आणि बाबा आता वेगवेगळ्या घरांत राहणार आहेत. हे आम्ही मोठ्यांनी ठरवलंय. तुझ्यामुळे झालेलं नाही. तू आम्हा दोघांचा आहेस. तुझी शाळा तीच राहणार.’ शेवटचं वाक्य खरं असेल तरच म्हणा. शाळा बदलणार असेल तर तेही त्याच वेळी सांगून टाका, नाहीतर पुढच्या कुठल्याच आश्वासनावर मूल विश्वास ठेवणार नाही.

तीन-चार वर्षांचं मूल हे एकदा ऐकून विसरतं आणि पुन्हा विचारतं. पुन्हा तेच शब्द वापरा. या वयात ‘मी दूध सांडलं म्हणून बाबा गेले’ असं मनाशी जुळवणं अगदी नेहमीचं आहे, आणि ते मूल तोंडाने बोलून दाखवेलच असं नाही. अंथरूण ओलं होणं, अंगठा चोखणं, आधी येत असलेली अक्षरं ‘येत नाहीत’ म्हणणं हे काही आठवडे चालू शकतं. त्यासाठी रागावू नका आणि नव्या अक्षरांचा रेटाही लावू नका. येणाऱ्या अक्षरांवरच थांबा. सहा ते नऊ वर्षांच्या मुलांचं वेगळं असतं. ती दोघांना पुन्हा एकत्र आणायच्या खटपटीत असतात. काही जण त्यासाठी एकदम शहाण्यासारखे वागतात, आणि असं शहाणं मूल कुणाच्या नजरेत येत नाही.

शाळेला काय कळवायचं

वर्गशिक्षकांना लवकर कळवा. शक्यतो मुलाला सांगितल्यावर दोन-तीन दिवसांत. कारणं, आरोप, कोर्टाच्या तारखा यातलं काही नको. पाच-सहा ओळींचा कागद पुरतो, असा:

‘आम्ही दोघे विभक्त होत आहोत. मुलाला हे माहीत आहे. सोमवार ते गुरुवार ते आईकडे आणि शुक्रवार ते रविवार बाबांकडे असेल. शाळेतून न्यायला आम्ही दोघे आणि आजी, एवढ्यांनाच परवानगी आहे. सूचना, प्रगतिपुस्तक आणि पालकसभेचं बोलावणं दोघांनाही पाठवावं. वर्गात लक्ष नसणं, सारखं पोट दुखणं, मधल्या सुट्टीत एकटं बसणं असं काही दिसलं तर कळवावं.’

खाली दोघांचे फोन नंबर. एकाच कागदावर दोघांच्या सह्या असतील तर उत्तम. शाळेला बाजू घ्यावी लागत नाही. मुलाला कोण नेऊ शकतं यावर कोर्टाचा आदेश असेल तर त्याची प्रत मात्र शाळेच्या कार्यालयात द्याच. तोंडी सांगितलेलं प्रवेशद्वारावरच्या माणसापर्यंत पोहोचत नाही.

शिक्षकांकडून होणारी नेहमीची चूक दयेपोटी होते: ‘त्याला नको देऊया गृहपाठ, बिचारा.’ असे दोन महिने गेले की पायऱ्या सुटतात. गृहपाठ माफ करण्यापेक्षा तो कमी करा: दहा गणितांऐवजी चार, पण प्रत्येक प्रकारातलं एक तरी. मुदत एक दिवस वाढवा. तोंडी सूचना एका वेळी एकच द्या आणि मुलाकडून ती पुन्हा म्हणवून घ्या. ‘माझे कुटुंब’ हा निबंध किंवा वंशवृक्षाचा तक्ता त्याच सुमारास येणार असेल तर आधी मुलाला बाजूला घेऊन विचारा, आणि सगळ्याच वर्गाला ‘माझ्या घरातली एक व्यक्ती’ असा पर्याय द्या. फक्त त्याच एकट्याला वेगळा विषय दिला तर वर्गाला लगेच कळतं.

दोन घरं, एक दप्तर

गृहपाठ न होण्याचं सगळ्यात साधं कारण म्हणजे वही दुसऱ्या घरी राहिलेली असते. यावर उपदेश चालत नाही, वस्तू दुप्पट कराव्या लागतात. पाठ्यपुस्तकांचा दुसरा संच (जुना चालतो), पेन्सिली, खोडरबर, पट्टी, रंग, कात्री, डिंक आणि गणवेशाचा किमान एक जोड दोन्ही घरांत कायम ठेवा. ये-जा करतील फक्त वह्या, डायरी आणि मुलाची आवडती एखादी वस्तू. ती वस्तू दप्तरात जागा खाते, खाऊ द्या.

दप्तराच्या झाकणाच्या आत यादी चिकटवा. वाचता न येणाऱ्या मुलासाठी चित्रांची. निघायच्या अर्धा तास आधी मुलाने एकेक वस्तू टाकायची आणि मोठ्याने खूण करायची. तरीही काही राहिलं तर ते आणून द्यायची जबाबदारी मोठ्यांची. आठ वर्षांच्या मुलाला ‘तुझं तू लक्षात ठेवायला हवं होतंस’ म्हणणं सोपं असतं, पण दोन घरांची ये-जा त्याने ठरवलेली नाही.

दप्तरातून पैसे, चिठ्ठ्या, वकिलाची कागदपत्रं अजिबात पाठवू नका. डायरीचं पानही त्यासाठी नाही. एकमेकांशी फोनवर बोलणं जमत नसेल तर मुलाच्या शाळेपुरती एक वेगळी सामाईक वही किंवा मेसेजचा गट ठेवा. त्यात चारच गोष्टी: गृहपाठ काय आहे, काय झाला, चाचणी कधी, तब्येत कशी. पाचवी गोष्ट तिथे आली की तो गट भांडणाचा होतो.

दोन्ही घरांत भिंतीवर सारखंच कॅलेंडर लावा, दोन घरांचे दोन रंग. चाचणीच्या तारखा त्यावर असाव्यात. कोर्टाच्या तारखा असू नयेत.

झोप आणि घर बदलण्याचा दिवस

३ ते ५ वर्षांच्या मुलाला दुपारची धरून १० ते १३ तास झोप लागते, ६ वर्षांपुढे ९ ते १२ तास. दोन्ही घरांतली झोपायची वेळ अर्ध्या तासापेक्षा जास्त वेगळी नको. नियम बाकी थोडे वेगळे असले तरी मुलं जुळवून घेतात. झोपेच्या बाबतीत शरीर जुळवून घेत नाही. एका घरी नऊला आणि दुसऱ्या घरी अकराला झोपणारं मूल सोमवारी वर्गात पेंगतं, आणि शिक्षक ‘बाबांकडून आलं की लक्ष नसतं’ अशी नोंद करतात. ती नोंद पुढे भलत्याच कामासाठी वापरली जाते.

घर बदलायची सर्वात वाईट वेळ म्हणजे रविवार रात्र. शक्य असेल तर शाळेच्या आधारे बदल करा: सकाळी एकाने शाळेत सोडायचं, सुटल्यावर दुसऱ्याने न्यायचं. त्यामुळे दोघं दारात समोरासमोर येत नाहीत आणि एकाला टाकून दुसऱ्याकडे चाललोय, असं मुलाला वाटत नाही. बदलाच्या संध्याकाळी मूल चिडचिडं किंवा गप्प असतं. त्या दिवशी चाचणीची तयारी, पाठांतर असलं काही ठेवू नका. रोजचा गृहपाठ झाला तरी पुरे.

राहिलेलं गणित कसं शोधायचं

सुटलेल्या पायऱ्या सापडल्या की भरता येतात, आणि त्या सापडतात वहीतच. पहिली किंवा त्यापुढच्या मुलाची गणिताची वही घ्या आणि तारखा पाहत पानं उलटा. कुठे अर्धवट उदाहरणं, कोरी पानं, न केलेल्या दुरुस्त्या, अचानक बदललेलं अक्षर दिसतं? त्या तारखा घरातल्या घडामोडींशी ताडून पाहा: एक जण घर सोडून गेला तो आठवडा, घर बदललं तो महिना. त्या दिवसांत वर्गात कोणते घटक झाले ते शिक्षकांना विचारून लिहून काढा. सहसा तीन ते पाच घटक निघतात. ‘याला गणितच येत नाही’ यापेक्षा ही यादी फार छोटी असते, आणि ती पाहून मूलही हायसं होतं.

मग प्रत्येक घटकाची दहा उदाहरणं द्या, वेळ न लावता, एका दिवशी एकच घटक. आठ किंवा जास्त बरोबर आली तर तो घटक सोडा. पाच ते सात आली तर सराव कमी पडलाय. त्याहून कमी आली तर घटक कळलेलाच नाही. तिथे सराव देऊन उपयोग नाही, वस्तू हातात देऊन पुन्हा शिकवा. वजाबाकीसाठी दहा-दहा काड्यांचे रबर लावलेले गठ्ठे आणि सुट्या काड्या घ्या. ५२ म्हणजे पाच गठ्ठे आणि दोन काड्या. सात काड्या द्यायच्या तर रबर काढून गठ्ठा मोडावाच लागतो. मुलाने तो स्वतःच्या हाताने मोडायचा. चार-पाच दिवस काड्यांनी, मग काड्यांची चित्रं काढून, मग नुसत्या अंकांनी. थेट अंकांवर उडी मारली की मूल रीत पाठ करतं आणि पुढच्या महिन्यात विसरतं.

रोज १५ मिनिटं, आठवड्यातून पाच दिवस. रविवारी दोन तास बसवणं याच्या बदल्यात चालत नाही. लहान घटकाला साधारण दोन आठवडे, वजाबाकीसारख्या मोठ्या घटकाला तीन. सगळ्यात जुन्या घटकापासून सुरू करा, वर्गात सध्या जे चाललंय तिथून नव्हे. भागाकार अडतो तो बहुतेक वेळा पाढ्यांमुळे किंवा वजाबाकीमुळेच.

दोन घरं असली की यात एक खास गडबड होते. आई हातचा वर लिहायला शिकवते, बाबा बोटांवर धरायला. मूल तिसरंच काही करतं. म्हणून शिक्षकांची रीत दोघांनीही घ्यायची, आवडली नाही तरी. सोडवलेलं एक उदाहरण कागदावर लिहून दोन्ही घरांत अभ्यासाच्या जागी चिकटवा. आणि १५ मिनिटं दोन्ही घरांत झाली पाहिजेत. एक घर अभ्यासाचं आणि दुसरं मजेचं अशी वाटणी झाली की अभ्यास करून घेणारा पालक मुलाला नकोसा होतो, आणि मजेच्या घरी वही उघडलीच जात नाही.

वाचन

वाचन तुलनेने तगून राहतं, पण पाच ते सात या वयात मूल वाचायला शिकत असेल तर रोज १० मिनिटं मोठ्याने वाचून दाखवणं आणि तितकंच ऐकणं मोडू देऊ नका. दुसऱ्या घरी असलेल्या पालकाला यात सहज भाग घेता येतो: एकाच पुस्तकाच्या दोन प्रती, ठरलेली वेळ, फोनवर एक पान त्याने आणि एक पान मुलाने वाचायचं. ‘जेवलास का, काय केलंस’ या फोनपेक्षा हा फोन मुलाला सोपा जातो. फोन ठेवताना मूल रडत असेल तर वेळ झोपेपासून दूर, संध्याकाळी घ्या.

मार्कांचा वापर

मूल चाचणीचा पेपर लपवायला लागलं तर आधी स्वतःला विचारा, त्या मार्कांवरून घरात काय बोललं गेलं होतं. ‘तुझ्याकडे असताना कमी पडले’ हे वाक्य एकदा कानावर पडलं की मार्क म्हणजे एका पालकाविरुद्धची साक्ष होते, आणि मूल साक्ष द्यायला तयार नसतं. कमी मार्कांबद्दल मुलाशी बोलताना प्रश्नपत्रिकेबद्दलच बोला: कोणता प्रश्न अडला, कुठपर्यंत आलं होतं. दुसऱ्या घरचा उल्लेख नको.

सगळं घटस्फोटावर ढकलू नका

घरचं प्रकरण एकदा शाळेत कळलं की मुलाच्या प्रत्येक अडचणीला तेच कारण चिकटतं. फळ्यावरचं चुकीचं उतरवणारं मूल ‘मनाने अस्वस्थ’ ठरतं, आणि वर्षभराने चष्म्याचा नंबर निघतो. म्हणून डोळे आणि कान आधी तपासून घ्या. मग तारखांकडे पाहा. अक्षरं उलटी लिहिणं, वाचताना अडखळणं, एका जागी न बसणं हे सगळं घरातल्या ताणाच्या आधीपासून होतं का? जुन्या वह्या आणि आधीच्या वर्गशिक्षकांच्या नोंदी यातून ते कळतं. आधीपासून असेल तर वाचनातल्या किंवा लक्ष देण्यातल्या अडचणीची वेगळी तपासणी लागेल. ताणामुळे आलेली बेचैनी वरकरणी अगदी तशीच दिसते, पण तिची सुरुवात तारखेसह सांगता येते.

समुपदेशकाकडे कधी

पहिले काही आठवडे चढउतार होणारच. पण झोप, भूक किंवा शाळेत जाणं यातलं काही सहा आठवड्यांनंतरही बिघडलेलंच असेल, मूल शाळेत जायलाच नकार देऊ लागलं, किंवा सारखं डोकं-पोट दुखतं आणि डॉक्टरांना शारीरिक कारण सापडत नाही, तर बालसमुपदेशकाला भेटा. मरणाबद्दल बोलणं किंवा स्वतःला इजा करणं दिसलं तर त्याच दिवशी मदत घ्या. घरात मारहाण होत असेल तर वर सांगितलेलं सामाईक वही, एकत्र बसून सांगणं वगैरे लागू होत नाही. तिथे आधी मुलाची आणि स्वतःची सुरक्षितता, आणि शाळेशी संपर्क एकाच पालकाचा.

पहिल्या भेटीला जाताना गणिताची आणि भाषेची वही, मागच्या आणि या वर्षाचं प्रगतिपुस्तक, शिक्षकांच्या नोंदी आणि घरातल्या घटनांच्या तारखांचा एक कागद घेऊन जा. तो कागद मुलासमोर काढू नका, आधीच पाठवून द्या. मुलाला ‘डॉक्टरकडे जायचंय’ असं न सांगता ‘मुलांशी बोलणाऱ्या ताई आहेत, त्यांच्याकडे खेळही असतात’ एवढं सांगितलं तरी चालतं. भेटीनंतर गाडीत ‘काय विचारलं? तू काय सांगितलंस?’ हे दोन्ही पालकांनी टाळायचं, नाहीतर पुढच्या भेटीत मूल बोलत नाही.